जर्मन बोलींमध्ये विभक्ती नेमकी कुठून गळते? (तक्त्याबाहेरचा प्रश्न)

चरई_कोपरा:

मंडळी, प्रश्न लांब आहे, सांभाळून घ्या.

ठाण्यात जर्मन शिकणाऱ्या बी२ पातळीच्या बारा जणांसाठी दोन तासांचं एक जादा सत्र ठरलंय. चौघं श्टुटगार्टला जाणार, तिघं झुरिकला, दोघं कोलोनला, दोघं म्युनिकला आणि एक जण बर्लिनला. चार विभक्त्या, तीन लिंगं आणि अनेकवचन असा सोळा खणांचा तक्ता सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण तिथल्या बोलीतलं रेकॉर्डिंग लावलं की तक्ता एकीकडे आणि कान दुसरीकडे. कुणी 'डेर' ह्या पुल्लिंगी उपपदाच्या (इंग्रजी 'द'सारखं) जागी भलतंच म्हणतं, कुणी त्याचं चतुर्थीचं रूप 'डेम' खातं, आणि षष्ठी तर कानावर पडतच नाही.

तर तीन गोष्टी हव्यात. बोलींमधून विभक्त्या जाण्याचा काही ठरलेला क्रम आहे का? 'शब्दांची शेवटं झिजली म्हणून गेल्या' हे उत्तर सगळीकडे मिळतं, तेवढंच कारण आहे का? आणि समोर रेकॉर्डिंग असेल तर त्या बोलीत किती विभक्त्या जिवंत आहेत हे फसगत न होता कसं तपासायचं?

मराठीशी तुलना चालेल, पण ओढूनताणून नको.

---

पारसिक_बोगदा:

आधी नावं लावून घेऊ. नोमिनाटिव म्हणजे प्रथमा, अक्कुझाटिव द्वितीया, डाटिव चतुर्थी, गेनिटिव षष्ठी.

पहिली जाते षष्ठी, ह्यावर वाद नाही. 'डेस फाटर्स हाउस' (वडिलांचं घर) असं बोलीत जवळपास कुणीच म्हणत नाही. स्वित्झर्लंडच्या वालिस भागातल्या डोंगराळ बोलींसारखे अपवाद सोडले तर बोलण्यातली षष्ठी कधीच संपली. तिच्या जागी दोन रचना आल्या. एक 'डास हाउस फोम फाटर', म्हणजे शब्दयोगी आणि चतुर्थी. दुसरी 'डेम फाटर झाइन हाउस', शब्दशः 'वडिलांना त्यांचं घर'. शाळेत ही दुसरी रचना लाल शाईने खोडतात, पण ऑस्ट्रियापासून उत्तर समुद्रापर्यंत सगळीकडे ऐकू येते. डच लोक 'यान झन बुक' (यानचं पुस्तक) म्हणतात, नॉर्वेचे लोक 'पेर सिन बील' (पेरची गाडी). नॉर्वेत ह्या रचनेला 'गार्पेगेनिटिव' असं नाव आहे. 'गार्प' हे बर्गेन बंदरातल्या हान्झा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांचं टोपणनाव, त्यामुळे रचना कुठून आली असं तिथले लोक मानत होते ते नावातच कळतं.

विद्यार्थी एका ठिकाणी हमखास चकतात. 'नाख्ट्स' (रात्री) मधला शेवटचा 'स' पाहून 'बघा, षष्ठी आहे' म्हणतात. 'नाख्ट' स्त्रीलिंगी आहे, तिला हा 'स' लागूच होत नाही. 'टाग्स'च्या (दिवसा) जोडीने तो चिकटला. गोठलेलं रूप म्हणजे जिवंत विभक्ती नव्हे. आपण 'घरी', 'दारी' म्हणतो, म्हणून कुणी 'टेबली' म्हणत नाही. तसंच 'त्सु हाउझे'मधला शेवटचा 'ए' हा जुन्या चतुर्थीचा अवशेष. तो ऐकून त्या बोलीत नामाला अजून चतुर्थीचा प्रत्यय लागतो असं समजू नका.

षष्ठीनंतर मात्र सगळ्या बोली एका वाटेने जात नाहीत. उरलेल्या तीन विभक्त्यांपैकी कुठल्या दोन एकमेकींत मिसळल्या, हे गावोगाव वेगळं. पुल्लिंगी 'माणूस' घेऊ:

श्टुटगार्टकडची श्वाबियन: 'डर मा' (प्रथमा), 'डा मा' (द्वितीया), 'एम मा' (चतुर्थी). तिन्ही वेगळ्या.

कोलोन: 'डॅ मान' प्रथमेला आणि द्वितीयेलाही, चतुर्थी 'डॅम मान'.

झुरिक: 'डे मा' दोन्हींना, चतुर्थी 'एम मा'.

म्युनिक: प्रथमा 'डा मो', आणि 'डेन मो' द्वितीया-चतुर्थी दोन्हींना.

म्हणजे मूळ माल एकच, पण कोलोन आणि झुरिकने पहिल्या दोन जोडल्या, म्युनिकने दुसरी-तिसरी. त्यातही म्युनिकच्या स्त्रीलिंगात उलटं: 'डी फ्राउ' प्रथमा-द्वितीया, 'डा फ्राउ' चतुर्थी. त्यामुळे 'बव्हेरियनमध्ये (म्युनिककडच्या बोलीत) द्वितीया आणि चतुर्थी एक झाल्या' हे वाक्य लिंग सांगितल्याशिवाय बोलू नये.

आणि एक खड्डा: श्टुटगार्टचा 'डा' हा 'डेन'चा, म्युनिकचा 'डा' हा 'डेर'चा. कानाला जवळपास सारखा, अर्थ उलटा. तुमच्या बारातल्या सहा जणांना हे आधीच सांगून ठेवा.

---

ऐरोलीकर:

कारण सोपं आहे. शब्दक्रम पक्का झाला, मग विभक्तीची गरजच उरली नाही. इंग्रजीत वायकिंग आले, भाषा मिसळल्या, प्रत्यय गेले. बाकी सगळं तपशील.

---

वाशी_खाडीपूल:

ऐरोलीकर, इतकं सोपं असतं तर आइसलँडिक आज आहे तशी नसती. तिच्यात चारही विभक्त्या ठणठणीत आहेत, आणि शब्दक्रम जवळपास स्वीडिशइतकाच पक्का. पक्का शब्दक्रम असला की विभक्तीवाचून चालतं, एवढंच म्हणता येईल. चालतं म्हणून ती जातेच असं नाही.

आता झिजेबद्दल. जर्मानिक भाषांमध्ये (जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश वगैरे) आघात फार पूर्वी शब्दाच्या पहिल्या अवयवावर ठाम बसला. शेपटीकडे श्वास कमी पडत गेला. चतुर्थीच्या अनेकवचनाची वाट पाहा: जुन्या उच्च जर्मनमध्ये 'टागुम', मग 'टागुन', मग 'टागेन'. आधी 'म'चा 'न' झाला, मग स्वर फिका पडला. दक्षिणेकडच्या बोलींनी शेवटचा 'ए'ही टाकला, 'डेम माने'चं 'डेम मान' झालं. नामाच्या अंगावर खूण उरली नाही, सगळा भार उपपदावर आला. आणि रोजच्या बोलण्यात उपपदही आखडतं: 'आउफ डेम'चं 'आउफम', 'आउफ डेन'चं 'आउफन'. चतुर्थी आणि द्वितीया ह्यांच्यातलं अंतर आता ओठ मिटले की नाही एवढंच.

इथपर्यंत झीज. पण निव्वळ झिजेने भागत असतं, तर सगळ्या बोलींत सारखी जोडी मिसळायला हवी होती. कोलोनमध्ये 'डॅम' शाबूत राहिला आणि वेगळी द्वितीया गेली. तिथे ओठ मिटतात, तरी एक विभक्ती कमी झालीच.

सर्वनामांत तर झिजेचा मुद्दा आणखी लंगडा पडतो. उत्तरेकडच्या प्लाटडॉइचमध्ये 'मला' ह्या अर्थी द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींना 'मी' असं एकच रूप आहे. हे आजकालचं नाही. तिची पूर्वज जुनी सॅक्सन, नवव्या शतकातली; तिच्यातही बहुतेक ठिकाणी दोन्हींना 'मी'च आहे. जुन्या इंग्रजीत 'मेक' आणि 'मे' अशी दोन रूपं होती, त्यातलं 'मेक' मागे पडलं. म्हणजे हे मिसळणं अकराशे वर्षांहून जुनं, आणि तेव्हा नामांचे प्रत्यय चांगले धडधाकट होते! विभक्ती सगळ्या शब्दांतून एकाच वेळी जात नाही. सर्वनामाचं घड्याळ वेगळं, उपपदाचं वेगळं, नामाचं वेगळं. 'ह्या बोलीत किती विभक्त्या?' असं विचारण्याऐवजी 'ह्या बोलीच्या पुल्लिंगी उपपदात किती, आणि सर्वनामात किती?' असं विचारा.

प्लाटचेही दोन तट आहेत, बरं का. बहुतेक भागात 'मी', पण पूर्वेकडच्या ईस्टफालियनमध्ये दोन्हींना 'मिक' किंवा 'मेक'. एकीकडे चतुर्थीचं रूप जिंकलं, दुसरीकडे द्वितीयेचं.

ह्यातूनच तुमच्या बर्लिनकराचं कोडं सुटतं. बर्लिन मुळात प्लाट बोलणारं शहर. सोळाव्या शतकापासून तिथे उच्च जर्मन आली. लोकांच्या तोंडात एकच 'मी', आणि नव्या भाषेत 'मिर' आणि 'मिश' अशी दोन. फरक करायची सवयच नव्हती, म्हणून एक निवडून सगळीकडे वापरलं: 'इक लीबे डिर' (माझं तुझ्यावर प्रेम आहे; प्रमाण जर्मनमध्ये इथे द्वितीयेचं 'डिश' हवं). जर्मनीत गंमतीने म्हणतात, बर्लिनकर नेहमी 'मिर' म्हणतो, बरोबर असलं तरी.

वायकिंगांचं अगदीच खोटं नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडे, जिथे नॉर्स लोक (म्हणजे वायकिंग) वसले, तिथे लिंडिस्फार्न गॉस्पेल ह्या लॅटिन हस्तलिखिताच्या ओळींमध्ये दहाव्या शतकात लिहिलेल्या इंग्रजी भाषांतरातच प्रत्ययांचा गोंधळ दिसतो. आणि दक्षिणेला केंटमध्ये १३४० च्या मजकुरातही जुने प्रत्यय बऱ्यापैकी टिकून आहेत. संपर्काने वेग वाढला. पण डॅनिश आणि स्वीडिशनेही नामांच्या विभक्त्या मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत टाकल्या, आणि त्यांच्याकडे वायकिंग बाहेरून आले नव्हते.

---

येऊर_पायवाट:

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१.

मराठीची तुलना इथे न ओढता बसते. 'मी मुलाला पाहिलं' आणि 'मी मुलाला पुस्तक दिलं': द्वितीया आणि चतुर्थी एकच, म्युनिकच्या पुल्लिंगासारखी. पण 'घर पडलं' आणि 'मी घर पाहिलं': प्रथमा आणि द्वितीया एकच, कोलोनसारखी. आपल्याकडे दोन्ही पद्धती एकाच घरात नांदतात, आणि कुठली कधी हे कर्म सजीव आहे की निर्जीव ह्यावर ठरतं. वर्गात 'प्रथमा आणि द्वितीया सारख्या असल्या तर अर्थ कसा कळतो?' असं कुणी विचारलंच, तर 'घर पाहिलं' म्हणताना तुझी कधी अडचण झाली का, असं उलट विचारायचं.

दुसरं. 'राम आणि श्यामची आई' म्हणताना 'ची' फक्त श्यामला चिकटते पण लागू दोघांना होते. इंग्रजी आणि स्वीडिशमधल्या 'स'चं हेच झालं. स्वीडिशमध्ये 'मानेन पो गातान्स ओसिक्त', म्हणजे 'रस्त्यावरल्या माणसाचं मत', ह्यात 'स' लागतो 'रस्ता' ह्या शब्दाला, मालक मात्र माणूस. हा 'स' आता विभक्तिप्रत्यय राहिला नाही, अख्ख्या पदबंधाच्या शेपटीला बांधलेली खूण झाली. षष्ठी 'टिकली' असं म्हणताना हा फरक लक्षात ठेवा.

अवांतर: इंग्रजीचं 'हिम' हे जुनं चतुर्थीचं रूप. द्वितीयेचं 'हिने' गेलं, पण इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या बोलीत 'आय सॉ अन' असं म्हणतात, त्यातला 'अन' म्हणजे तोच 'हिने', झिजून नखाएवढा उरलेला.

---

नेरूळ_सेक्टर_१६:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण सत्रात कामाला तेच येईल.

फक्त पुल्लिंगी एकवचन तपासा. प्रमाण जर्मनमध्येच स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी आणि अनेकवचनी प्रथमा-द्वितीया सारख्या असतात. 'डी फ्राउ' दोन्हीकडे ऐकून 'बोलीत फरक गेला' असा निष्कर्ष काढणं म्हणजे नसलेली वस्तू हरवल्याची तक्रार.

नाम निवडताना पहिलं अक्षर पाहा. ही चूक सर्रास होते. 'डेन ब्रूडर' घाईत म्हटलं की 'डेम ब्रूडर' ऐकू येतं, कारण 'ब'च्या आधी 'न'चा 'म' होतोच. आपला अनुस्वार आठवा: 'आंबा'मध्ये ओठ मिटतात, 'अंत'मध्ये मिटत नाहीत. म्हणून ब, प, म ने सुरू होणारी नामं टाळा. स्वराने सुरू होणारं घ्या: 'ओंकेल' (काका), 'आर्ट्स्ट' (डॉक्टर). 'आफे' (माकड) मात्र नको; ते प्रथमा सोडून सगळीकडे स्वतःच 'न' लावून घेतं, मग 'न' उपपदाचा की नामाचा ह्यावर वाद.

वाक्यं सहा पुरतात:

१. काका येतो.
२. मी काकाला पाहतो.
३. मी काकाला पुस्तक देतो.
४. मी काकाबरोबर जातो.
५. काकाची टोपी.
६. कोण? कोणाला पाहिलं? कोणाला दिलं?

मग हेच 'मी/मला', 'तो/त्याला' घेऊन पुन्हा, एकदा आघात देऊन आणि एकदा आघाताशिवाय. ३ आणि ४ वेगळे ठेवण्याचं कारण असं की शब्दयोगी अव्ययानंतर जुनं रूप जास्त काळ टिकू शकतं. ४ मध्ये चतुर्थी ऐकली म्हणजे ३ मध्येही असेल असं धरू नका. ६ मध्येही फसगत आहे. झुरिकला 'कोणाला पाहिलंस?' साठी 'वेर हॅश ग्से?' म्हणतात, म्हणजे 'वेर' प्रथमेलाही आणि द्वितीयेलाही. 'वेम' मात्र वेगळा. उपपदाशी हे जुळतं. पण त्याच झुरिकच्या सर्वनामात 'इख', 'मिख', 'मिर' तिन्ही शाबूत. एकाच माणसाच्या तोंडात उपपदाला दोन विभक्त्या आणि सर्वनामाला तीन.

वक्त्याकडून वाक्य घेताना 'ह्याचं तुमच्या बोलीत भाषांतर करा' असं म्हणू नका. प्रमाण वाक्य कानावर पडलं की त्याची विभक्ती तोंडात येते. चित्र दाखवा, नाहीतर प्रसंग सांगा.

ज्यांना प्रत्यक्ष वक्ता मिळणार नाही त्यांच्यासाठी गेओर्ग वेंकरचा साठा आहे. ह्या माणसाने १८७६ पासून शाळामास्तरांना ठरावीक वाक्यं पाठवून 'तुमच्या गावच्या बोलीत लिहून पाठवा' असं काम सुरू केलं. पुढे ४० वाक्यांचा संच पक्का झाला आणि ४०,००० हून जास्त गावांतून उत्तरं आली. ती मारबुर्गला आहेत आणि ऑनलाइन पाहता येतात. विभक्तीसाठी तीन वाक्यं काढा. ४ नंबरचं: चांगला म्हातारा माणूस घोड्यासकट बर्फ फुटून थंड पाण्यात पडला (एकाच वाक्यात पुल्लिंगी कर्ता, 'बरोबर'नंतर चतुर्थी, 'पाण्यात' जाण्याची द्वितीया). ९ नंबरचं: मी त्या बाईकडे गेलो होतो आणि तिला सांगितलं, ती म्हणाली, ती तिच्या मुलीलाही सांगेल (स्त्रीलिंगी चतुर्थी तीनदा). २१ नंबरचं: ही नवी गोष्ट त्याने कोणाला सांगितली?

वेंकरची एक मर्यादा आहे. ४ नंबरच्या वाक्यात मूळ छापील रूप 'मिट डेम फेर्डे' असं आहे, शेवटच्या 'ए'सकट. मास्तरांनी 'ए' लिहिला असेल तर तो गावचा की छापील कागदाचा, हे एकट्या पानावरून ठरत नाही. शेजारच्या आठ-दहा गावांची पानं पाहायची. बहुतेकांत 'ए' नसेल तर त्या एका मास्तरावर विश्वास ठेवायचा नाही.

---

ऐरोलीकर:

बरं, शब्दक्रमाचं मागे घेतो. पण एवढं तरी खरं ना, की भाषा मरायला टेकली की विभक्त्या आधी गळतात?

---

वाशी_खाडीपूल:

तेही नाही, आणि ह्याचं उदाहरण अमेरिकेत आहे.

पेन्सिल्वेनिया जर्मनचे (तिथे गेलेल्या जर्मन लोकांच्या वंशजांची बोली) दोन प्रकारचे वक्ते: एक आमिश आणि जुन्या वळणाचे मेनोनाइट हे ख्रिस्ती पंथ, जे घरी मुलांशी हीच भाषा बोलतात, दुसरे साधे लुथरन वगैरे, ज्यांच्याकडे ती आता फक्त म्हाताऱ्यांत उरली किंवा संपली. १९८० च्या दशकात मॅरियन ह्युफाइन्स ह्यांनी दोघांची तुलना केली. चतुर्थी टिकली होती ती मरणपंथाला लागलेल्या भाषेच्या म्हाताऱ्यांत. भाषा जिथे धडधाकट आहे, पाळण्यातल्या मुलापर्यंत पोचते, तिथे चतुर्थी गेली: 'मिट मिर'च्या (माझ्याबरोबर) जागी 'मिट मिश'. म्हाताऱ्यांनी जुनं ठेवलं, कारण त्यांच्यानंतर ते कुणी शिकलंच नाही, म्हणजे बदलायलाही कुणी नव्हतं.

ह्या भाषेत आणखी एक गोष्ट घडली. तिच्या उपपदात प्रथमा आणि द्वितीया आधीपासूनच एक होत्या (ऱ्हाइनकाठच्या फाल्ट्स प्रांतातून आलेला वारसा). चतुर्थी गेल्यावर आमिश लोकांच्या उपपदात विभक्तीचा एकही फरक उरला नाही. कोलोनच्या वाटेने आणखी एक पाऊल पुढे गेलं की हे होतं. सर्वनामांत मात्र 'इख' आणि 'मिश' अजून वेगळे.

टेक्सासच्या जर्मनमध्येही चतुर्थी द्वितीयेला जागा देत गेली. 'मिट डेन किंडर्न'ऐवजी (मुलांबरोबर) 'मिट डी किंडर'. तिचे आजचे वक्ते म्हातारे आहेत, पण हा बदल त्यांच्या तरुणपणाआधीपासून चालू होता. तेव्हा 'मरणारी भाषा' हे कारण दोन्हीकडून ढिलं पडतं.

---

पारसिक_बोगदा:

चतुर्थी नेहमी हरणारीच असते असा समज होऊ नये म्हणून दोन ओळी.

आइसलँडिकमध्ये 'मला हवंहवंसं वाटतं' ह्या अर्थी 'मिग लाउंगार' म्हणतात, त्यात 'मिग' द्वितीयेत. पण पुष्कळ लोक 'म्येर लाउंगार' म्हणतात, चतुर्थीत. शाळेत ही मोठी चूक मानतात आणि तिला नाव दिलंय त्याचा अर्थ 'चतुर्थीचा आजार'. मराठी कानाला ही चूक वाटतच नाही, कारण 'मला भूक लागली', 'मला आवडतं' ह्यातला 'मला' आपल्याला चतुर्थीतच बरा वाटतो. अनुभवणाऱ्याला चतुर्थी लावणं तिथल्या बोलणाऱ्यांनाही सोयीचं वाटलं, आणि एक विभक्ती मरण्याऐवजी दुसरीच्या हद्दीत घुसली.

स्वीडनच्या डालार्ना प्रांतातलं एल्व्हडालेन. प्रमाण स्वीडिशमध्ये नामाची चतुर्थी पाच शतकांपूर्वी संपली, पण ह्या दरीतल्या बोलीत लार्स लेव्हांडरने १९०९ मध्ये सगळी विभक्ती-व्यवस्था नोंदवली. आज नवी पिढी ती पूर्ण वापरत नाही, पण प्रथमा-द्वितीयेच्या फरकापेक्षा चतुर्थीच जास्त चिवट निघाली. नॉर्वेतही गुडब्रांड्सडालसारख्या आतल्या खोऱ्यांत चतुर्थी राहिली. रस्ता जिथे उशिरा पोचला तिथे विभक्ती उशिरा गेली, असं म्हणायचा मोह होतो. पण आमिश वस्त्याही जगापासून फटकून राहतात, आणि त्यांच्याकडे ती गेली. म्हणून एकटेपणाचं कारण जपून वापरा.

---

येऊर_पायवाट:

डचबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. नामांच्या विभक्त्या बोलण्यातून गेल्यावरही त्या कागदावर कित्येक शतकं पाळल्या गेल्या. १९४६-४७ च्या शुद्धलेखन-सुधारणेने कागदावरूनही काढल्या. मागे 'टेन स्लोटे' (शेवटी) सारखी गोठलेली रूपं उरली.

'हेन' आणि 'हुन' (त्यांना) ह्यांतला द्वितीया-चतुर्थीचा फरक तर कुठल्याच बोलीतला नव्हता. फान ह्यूले नावाच्या व्याकरणकाराने १६२५ मध्ये तो ठरवून दिला, आणि शिकलेले लोकही आजतागायत त्यात चुकतात. विभक्ती कागदावर घालता येते, तोंडात घालता येत नाही.

ब्राबांटच्या (नेदरलँड्सचा दक्षिण भाग आणि बेल्जियम) डच बोलीत आणखी गंमत. तिथे पुल्लिंगी कर्त्यालाही 'डेन' लागतं: 'डेन होंट' (कुत्रा). हे जुनं द्वितीयेचं रूप, आता प्रथमेतही. आणि हा 'न' येतो फक्त स्वर, ह, ब, ड, ट ह्यांच्या आधी. विभक्तीची खूण होती, ती आता लिंगाची आणि पुढच्या आवाजाची खूण झाली. रेकॉर्डिंगमध्ये 'डेन' ऐकून 'द्वितीया सापडली!' म्हणणाऱ्याची इथे दांडी उडते.

---

चरई_कोपरा:

सगळ्यांचे आभार, सत्राचा आराखडा बदलला. आता सोळा खणांऐवजी गावानुसार एकेक ओळ देईन, पुल्लिंगी उपपदाची आणि सर्वनामाची.

झुरिकवाल्यांसाठी एक शंका राहिली. एका रेकॉर्डिंगमध्ये 'आईला सांग' अशा प्रसंगात 'इ डे म्यूटर' असं स्पष्ट ऐकू येतंय. 'इ' म्हणजे 'इन' ना? 'आईमध्ये सांग' हे कसलं वाक्य?

---

नेरूळ_सेक्टर_१६:

'आईमध्ये' नाही, 'आईला'च. स्वित्झर्लंडच्या बऱ्याच भागात, आणि बव्हेरियन पट्ट्यातही काही ठिकाणी, साध्या चतुर्थीआधी 'इ' किंवा 'आ' लागतो. कारण बहुधा असं: चतुर्थीचं उपपद 'एम' आणि शब्दयोगी-उपपदाची जोडी 'इम', 'आम' घाईत सारखीच ऐकू येतात. ऐकणाऱ्यांनी 'एम'ला 'इम' समजलं, आणि मग स्त्रीलिंगातही, जिथे असा गोंधळ नव्हता, तिथे 'इ डे' म्हणायला लागले. म्हणजे जी खूण पुसट होत होती तिला लोकांनी पुढून एक ठिगळ लावून जाड केलं.

ओळखायची खूण: क्रियापद पाहा. देणं, सांगणं, दाखवणं, मदत करणं ह्यांच्यानंतर माणूस आला आणि त्याच्याआधी 'इ' किंवा 'आ' असेल, तर तो 'ला'. जागा आली तर तो 'मध्ये'. वर्गात 'आईला सांग' आणि 'स्वयंपाकघरात सांग' अशी दोन वाक्यं शेजारी लावून ऐकवा, तीनही जणांना एका फेरीत कळेल. आणि त्यांना स्वतः 'इ' लावायला लावू नका. कुठल्या भागात 'इ' चालतो आणि कुठे 'आ' हे गावागणिक बदलतं, चुकीचा लावला की लगेच कळतं. बोलताना 'डे म्यूटर' पुरतं.